सोळा पाचरी

बोटीला आठ टेकू लावलेले होते. डावीकडे चार, उजवीकडे चार. प्रत्येक टेकूच्या बुडाशी लाकडाच्या दोन पाचरी, एकमेकींवर तिरक्या चढवून ठोकलेल्या. म्हणजे सोळा पाचरी. कण्याखाली पाच ठोकळे. पोटाखाली दोन्ही बाजूंना एकेक राखीव ठोकळा, बोट कलंडलीच तर झेलायला. त्याच्या आणि बोटीच्या मध्ये चार बोटं मोकळी जागा. रंगाचे तीन डबे, त्यातला एक रिकामा. दोन ब्रश, एक रोलर, एक खरवडणी. आणि तांबडीच्या झग्याच्या उजव्या खिशात, रुमालाच्या गाठीत, एक दात.

दात तिचा नव्हता, लेकीचा होता. सकाळी कामावर येता येता ती लेकीकडे डोकावली, तेव्हा मोरीच्या कडेला तो पडलेला दिसला. वरचा, समोरचा, मुळासकट. चांगला घट्ट दात मुळासकट यायला जोर लागतो. किती लागतो याचा तिला अंदाज होता. तीस वर्षं ती बोटींच्या तळाला चिकटलेले शिंपले उपटत आली होती.

"पायरीवरून घसरले," लेक तोंडावर हात धरून म्हणाली होती.

तांबडीने दात उचलला, रुमालात बांधला आणि कामावर आली. काम तिला थांबवता येणार नव्हतं. बोट जावयाची होती आणि तीनच्या भरतीला पाण्यात जायची होती.

तिला तांबडी म्हणत ते तळाला लावायच्या रंगामुळे. त्या रंगात तांब्याची भुकटी असते. तांबं शिंपल्यांना आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांना विष असतं, म्हणून पाण्याखालची प्रत्येक बोटभर जागा त्या रंगाने झाकावी लागते. तो नखांच्या मुळात, मनगटाच्या सुरकुत्यांत, कानामागे जाऊन बसतो आणि साबणाला दाद देत नाही. लग्नात नेसवलं तेव्हाही तिचे कोपर तांबडे होते, असं तिचा नवरा सांगायचा. नवराही रंगारीच होता. तो बोटीखालीच गेला.

त्या दिवशी टेकू सरकवत होता तो सुतार. आज या बोटीवर आहे तो हाच. तेव्हा त्याचे केस काळे होते. बोटीखाली कुणी नाही असं समजून त्याने पाचर उडवली, आणि खाली माणूस होता. तांबडीने त्याला कधी बोल लावला नाही. त्याने स्वतःला लावला तो लावलाच. त्यानंतर त्याने एक नियम केला आणि तो मोडणाऱ्याला बोटींच्या आवारात उभं करत नसे. पाचर उडवायच्या आधी "टेकू!" अशी हाक द्यायची आणि एक लांब श्वास थांबायचं. बोटीखाली जो असेल त्याने तळावर आपले ठोके द्यायचे. सुताराचा एक, तांबडीचे दोन, मालकाचे तीन. ठोका आला की हातोडा खाली ठेवायचा. ठोका आला नाही की वाट मोकळी.

जावयाला हा पोरखेळ वाटे.

"माझ्याच बोटीखाली मीच दार वाजवू?" तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "आत कोण बसलंय, माझी आजी?"

"वाजवायला काय जातं, जावईबापू?" सुतार म्हणाला होता.

"लाज जाते."

तळ रंगवताना एक अडचण कायम असते. टेकू जिथे टेकलेला असतो, तेवढी जागा रंगत नाही. म्हणून सगळा तळ झाला की सुतार एकेक टेकू हातभर बाजूला सरकवून ठोकतो, आणि त्याच्या जागी उरलेला वीतभर कोरडा चौकोन तांबडी रंगवते. एका वेळी एकच टेकू. एक निघाला तर बाकीचे तीन ती बाजू तोलून धरतात. सकाळपासून सात चौकोन झाले होते. उजवीकडचा, सुकाणूजवळचा, शेवटचा आठवा तेवढा राहिला होता.

"तांबडे," पाण्याची पातळी दाखवणाऱ्या रेघेवरून पट्टीफीत काढून गुंडाळत सुताराने हाक मारली, "दोन्हीकडे मोजलं. पाणरेघ जमिनीपासून तेहतीस इंचांवर. डावीकडे तेहतीस, उजवीकडे तेहतीस. एक सूत इकडेतिकडे नाही. पोरीच्या भांगासारखी सरळ."

"पोरीचा भांग बघितलास का आज?"

त्याला बोलण्यातला खडा लागला. तो काही विचारणार, तेवढ्यात लेकच जेवणाचा डबा घेऊन येताना दिसली. ओठ सुजून नाकाला टेकले होते. मागून जावई आला. दांडगा, हसरा. लोकांना पहिल्या भेटीत आवडेल असा.

"काय गं, तोंडाला काय झालं?" सुताराने विचारलं.

"पायरीवरून घसरले, काका."

"कोणत्या पायरीवरून? तुमचं घर तर तळमजल्यावर."

 शेजारच्या बोटीवर कुणीतरी लोखंड घासत होतं, तेवढाच आवाज.

जावई हसला. "काका, तुम्ही लाकूड मोजा. पायऱ्या आम्ही मोजू." मग त्याने लेकीच्या दंडाला धरलं. "चल, डबा वर ठेवू."

तो तिला वर घेऊन गेला नाही, सुकाणूच्या मागे घेऊन गेला. तांबडी नाळेशी, बोटीच्या पुढच्या टोकाशी, उभी होती. तिला बोटीच्या पोटाखालून चार पाय दिसत होते. मग ऐकू आला तो आवाज भिजलेलं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा होता. दोन पाय वाकले. पुन्हा तसाच आवाज. तोंडावर नाही, पोटात. तोंडाचं आज झालं होतं.

"सांगितलंस म्हाताऱ्याला? सांगितलंस?"

"नाही हो... मी काहीच..."

"मग त्याला पायऱ्या कशा सुचल्या?"

तांबडी खरवडणी घेऊन धावली. पोचेपर्यंत तो बाहेर आला होता. त्याने तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. खरवडणी पडली. तरी तो पिरगाळत राहिला, ती गुडघ्यावर येईपर्यंत.

"सासूबाई," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "भांड्याला भांडं लागतं. तुम्ही रंगाकडे बघा. एक ठिपका जरी कोरडा राहिला ना, तर आज रात्री तुमच्या लेकीला मी पुन्हा पायरी दाखवीन."

त्याने जाता जाता भरल्या डब्याला लाथ घातली. रंग चिखलात पसरला आणि पसरतच गेला.

तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी दंड, दुसऱ्या वर्षी बरगडी, यंदा दात. तांबडी एकदा विहीणबाईंकडे गेली होती. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याने काय मला ओवाळलं का?" तांबडीने लेकीला सांगून पाहिलं होतं, माझ्याकडे ये, एक खोली आहे पण दार आहे. लेक म्हणाली होती, "दार त्यालाही आहे, आई. लाथ घालायला." तेव्हापासून तांबडीला रात्री एकच हिशेब पडे. तो मरेल की ती? दोघांपैकी कोण आधी?

सुताराने त्या मारामारीतलं काही पाहिलं नव्हतं. तो बोटीच्या पलीकडे पाचरी तासत होता. त्याने जावयाला शिडीने वर जाताना पाहिलं. खाली उतरताना पाहिलं नाही, कारण जावई शिडीने उतरलाच नाही. तो नाळेवरच्या दोरावरून, उजव्या अंगाने उतरला. हातात पुट्टीचा गोळा होता. उजवीकडच्या तिसऱ्या टेकूमागे एक फट त्याला खुपत होती. सुताराला सांगितलं असतं तर त्याने टेकू रीतसर सरकवला असता. अर्धा तास गेला असता, आणि वर ठोके द्यायला लावले असते. जावयाने इकडेतिकडे पाहिलं, दगडाने दोन्ही पाचरी उडवल्या, टेकू तसाच बोटीला रेलून ठेवला आणि बोटीखाली उताणा सरकला.

तांबडी सांडलेला रंग पत्र्याने खरडून डब्यात भरत होती. तिने मान वर केली आणि सवयीने पाचरी मोजल्या. नवरा गेल्यापासून ती दर थोड्या वेळाने मोजत असे. लोक श्वास मोजत नाहीत, ती पाचरी मोजे.

चौदा.

तिने पुन्हा मोजलं. चौदाच. तिसरा टेकू नुसता रेललेला होता, त्याच्या बुडाशी काही नव्हतं. आणि त्याच्याजवळ, बोटीखालून बाहेर आलेली जावयाच्या बुटांची दोन टोकं.

सुतार सुकाणूकडे आला. उजवीकडच्या चौथ्या, म्हणजे राहिलेल्या आठव्या टेकूसमोर त्याने पाय फाकवले. तिथून त्याला तिसरा टेकू दिसत होता, उभा. टेकूचं बूड रोलरच्या ट्रेमागे होतं, त्यामुळे पाचरी नाहीत हे दिसत नव्हतं. बूट दिसत नव्हते.

"टेकू!"

तांबडीच्या हातात ब्रश होता. बोटीची फळी तिच्यापासून हातभर लांब. तीन ठोके म्हणजे काही मोठं काम नव्हतं.

बोटीखालून काही आवाज आला नाही. तो कधीच ठोकत नसे.

तिच्या डोळ्यांपुढे सगळं एका ओळीत उभं राहिलं, काम कसं करायचं ते उभं राहावं तसं. पाचरी त्यानेच उडवल्या. ठोके त्यानेच नाकारले. हातोडा दुसऱ्याच्या हातात. तिला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं तिला तीन वर्षं जमलं होतं.

लेक तिच्या मागे उभी होती, पोट धरून. तिने बूट पाहिले. मग आईकडे पाहिलं. मग आईच्या हातातल्या, न हलणाऱ्या ब्रशकडे.

लांब श्वास संपला. हातोडा बसला. एक पाचर टणकन उडाली आणि चिखलात पडली. सुताराने दुसऱ्या घावासाठी हात वर नेला.

धप्. धप्. धप्.

लेकीची मूठ होती ती. बोटं सोलवटून निघाली इतक्या जोराने तिने फळीवर मारली होती. सुताराचा हात हवेतच राहिला. त्याचा चेहरा एका क्षणात म्हातारा झाला.

"कोण आहे खाली? कोण आहे?"

पण एक पाचर निघाली होती. बोट आधी नुसती कण्हली. मग तिसरा टेकू, ज्याखाली काही नव्हतं, सावकाश आडवा झाला. बोटीने उजव्या अंगावर वजन टाकलं, घाई न करता, झोपेत कूस बदलावी तशी. आतलं काहीतरी तडकलं. पोट राखीव ठोकळ्यावर बसलं आणि थांबलं.

ठोकळ्यावर जावयाचा डावा हात होता. सरकताना आधाराला धरलेला.

तो जे ओरडला त्यात शब्द नव्हते. सुतार पालथा पडून आत पाहत होता आणि "जिता आहे, जिता आहे" एवढंच म्हणत होता. कुणाला सांगत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. दुसरी पाचर निघाली असती तर तो मागचा टेकूही गेला असता, आणि त्या राखीव ठोकळ्याने एवढं ओझं एकट्याने पेललं नसतं.

आजूबाजूच्या बोटींवरची पाचसहा माणसं धावत आली. जॅक आला. पण आत जागा उरली होती ती बारीक माणसापुरती.

"मी जाते," लेक म्हणाली.

"नको!" तांबडी म्हणाली. आजच्या दिवसात तिच्या तोंडून मोठ्याने निघालेला हा पहिला शब्द.

लेक सरपटत आत गेली. जॅक कण्याजवळ लावला, दांडा हातात घेतला. जावयाचा उजवा हात मोकळा होता. मारायचा हात शाबूत होता. त्याने तो लांबवला आणि तिचे केस मुठीत धरून डोकं जमिनीवर आपटलं. एकदा. दोनदा.

"उशिरा ठोकलंस! मुद्दाम उशिरा ठोकलंस तू!"

बाहेरून सगळ्यांनी ऐकलं. बाहेरून सगळ्यांना दिसलंही, बोटीखाली वाकून पाहणाऱ्या सहा माणसांना. सुताराने तिचे घोटे धरून तिला मागे ओढलं. केसांचा एक झुबका जावयाच्या मुठीत राहिला.

ती कोपरावर उठली. कपाळावरून रक्त भुवईत उतरत होतं. तिने ते मनगटाने पुसलं, आणि जॅकचा दांडा लांबून, त्याच्या हाताच्या पल्ल्याबाहेरून धरला. खाली दाबला नाही.

"कोणत्या पायरीवरून पडले मी?"

"दाब! दाब ते!"

"आपल्या घराला पायरी नाही. काका म्हणत होते."

"मरतोय मी इथे! आई गं... अरे सांगा हिला कुणीतरी!"

 एकाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, एवढंच.

"कोणत्या पायरीवरून?"

"नाही पडलीस," तो हुंदका देत म्हणाला.

"मग?"

"मी मारलं."

"मागच्यांना ऐकू गेलं नसेल."

"मी मारलं! दात मी पाडला! दाब आता!"

तिने दांडा दाबला. दर दाबाला बोट केसभर उचलली जाई. तिने मध्ये थांबून दम घेतला नाही, घाईही केली नाही. हात मोकळा झाला तेव्हा तो हातासारखा दिसत नव्हता. जावई शुद्धीवर नव्हता.

त्याला फळीवर घालून टेम्पोत चढवलं. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "घरचं कुणी येतंय का बरोबर?"

सगळ्यांनी लेकीकडे पाहिलं.

"माझं घरचं कुणी नाही त्यात," ती म्हणाली.

टेम्पो गेला. सुतार ठोकळ्यावर बसला होता. हात मांड्यांत दाबून धरले होते. तांबडीने त्याला पाणी दिलं. त्याने ते प्यायलं नाही, नुसतं धरून बसला.

"तांबडे, मी हाक दिली होती. दिली होती ना?"

"दिली होतीस, भाऊ."

"श्वास थांबलो होतो."

"पुरा थांबलास. मी होते ना इथे."

मग तो उठला. काम केल्याशिवाय त्याला बरं वाटणार नव्हतं, म्हणून त्याने टेकू उभे केले, पाचरी गोळा केल्या, जॅकने बोट उचलायला घेतली. मायलेकी नाळेच्या सावलीत राहिल्या. तांबडीने रुमाल ओला करून लेकीच्या कपाळावर धरला. त्यासाठी गाठ सोडावी लागली, तेव्हा दात तळहातावर आला.

"बसवतात म्हणे परत," तांबडी म्हणाली.

"लगेच नेला तर. तासाभरात. आता मूळ सुकलं." लेकीने दात उलटून पाहिला. "पण टाकू नकोस. चौकीत दाखवायला लागेल."

"आज जायचं?"

"आजच. सहा माणसांनी ऐकलंय. उद्या त्यातल्या चौघांना आठवणार नाही."

तांबडीने मान हलवली.  मग लेक हळूच म्हणाली,

"तू ठोकणार नव्हतीस."

तांबडीने रुमालाची घडी बदलली. स्वच्छ बाजू वर आली.

"नाही," ती म्हणाली.

"मला कळलं ते. ब्रश बघितला तुझा."

"तुला त्याची दया आली?"

"त्याची?" लेकीला हसू आलं, ओठ फाटला, तिने तोंड दाबलं. "काकांच्या हातून पुन्हा नको होतं मला, आई. बाबांच्या वेळी ते आपल्या दाराबाहेर महिनाभर बसून होते. मी लहान होते. मला वाटायचं, हा माणूस आत का येत नाही."

 तांबडी उठली. डब्यात चिखल मिसळलेला रंग होता. तिने तो जाळीतून गाळला. मग सुतार म्हणाला, "टेकू!" आणि या वेळी त्याने एका श्वासाऐवजी तीन श्वास थांबून, वाकून, चारी बाजूंनी पाहून, आठवा टेकू हातभर सरकवला. त्याच्या जागी कोरडा चौकोन उघडा पडला. लांबी एक वीत, रुंदी सहा बोटं.

"ब्रश दे मला," लेक म्हणाली.

"पहिला हात पातळ. लाकडाच्या रेघेतून. पाणी शिरतं ते कडेने, मध्यातून नाही."

"माहीत आहे. तुझ्याच पोटची आहे."

तिने कडा आधी भरल्या, मग मध्य. सोलवटलेल्या बोटांत रंग शिरला तेव्हा ती एकदा शहारली. त्या रंगाने झोंबतं, हे तांबडीला ठाऊक होतं. तिने सांगितलं नाही. पहिला हात सुकला तसा दुसरा दिला. तोपर्यंत भरती चढत चढत बोट पाण्यात सोडायच्या उताराच्या पहिल्या फळीला लागली होती.

सुताराने पट्टीफीत काढली. डाव्या बाजूला पाणरेघेला लावली, वाकून वाचलं. मग उजव्या बाजूला गेला. पाचरींवर दोन-दोन हलके घाव घातले, पुन्हा मोजलं. आणखी एक घाव घातला. आणखी उचललं तर फुटेल अशी आतून फळी करकरली, तसा त्याने हातोडा खाली ठेवला आणि तिसऱ्यांदा मोजलं.

"किती?" तांबडीने विचारलं.

"डावीकडे तेहतीस. उजवीकडे साडेबत्तीस."